आपला आपण

रेडेकर गुरुजींना त्या दिवशी एक अख्खी इमारत मिळणार होती. जिवंतपणी भिंतीवर नाव लागणं ही काही साधी गोष्ट नव्हे. आमच्याकडे त्यासाठी माणसाला आधी हार घातलेल्या फोटोत जावं लागतं. जालिंदर माने, ज्याने हा माजी विद्यार्थी मेळावा जमवून आणला होता, त्याला जिल्हा परिषदेच्या तिकिटाकडे जाणारी एक पायरी मिळणार होती. शिवाय मांडव त्याच्याच दुकानाचा. संस्थेच्या सेक्रेटरींना आमदारांशेजारची खुर्ची. बाकीच्यांना जेवण, एकत्र फोटो, आणि कोण किती सुटलं, कुणाचे केस गेले हे डोळे भरून बघण्याचं सुख. सगळ्यांचा हिशेब बसत होता. एकाच माणसाला यातून काय मिळणार हे मला कळत नव्हतं, आणि तो माणूस माझ्या शेजारी, शाळेच्या फाटकात उभा राहून आपली नखं तपासत होता.

"स्वच्छ दिसतात ना गं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"बघायचा कार्यक्रम आहे का तुमचा?" मी म्हटलं. "नखं बघून नवरा पसंत केलेली मुलगी मला अजून भेटायची आहे."

सांगलीत मी वधूवर सूचक मंडळ चालवते. दोन घरची माणसं समोरासमोर बसली, की चहा यायच्या आत मला कळतं, कोणाला काय हवंय आणि कोण काय झाकतंय. मुलाकडचे पगार एका हाताने वाढवतात आणि मामाची दारू दुसऱ्या हाताने झाकतात. मुलीची आई 'तिला स्वयंपाकाची भारी हौस' म्हणाली, की ओळखायचं, भाजी आईनेच केलीय. एवढं सगळं कळून माझ्या स्वतःच्या घरात मात्र मी कित्येक वर्षं डासांवर विश्वास ठेवला होता.

झालं असं, की लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकदा ह्यांच्या हातून दूध उतू गेलं. हे परसात गेले आणि परत आले तेव्हा उजवा गाल लाल. "डास," म्हणाले. पुढे विजेचं बिल भरायचं राहिलं, डास. पाहुण्यांची गाडी चुकली, डास. कुलूप लावलं की नाही ते आठवेना, डास. आमच्या घरात डास बारमाही होते आणि ते नेमके चुकांच्या वासाने येत. एक दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. हे परसातल्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, ताठ, शाळेतल्या पोरासारखे, आणि स्वतःच्याच उजव्या गालावर स्वतःच्याच हाताने मारत होते. चिडून मारल्यासारखं नव्हतं ते. काम उरकावं तसं, एका लयीत. मधून मधून थांबत, मान जराशी वळवून काही ऐकू येतंय का बघत, आणि परत सुरू.

"हे काय?" मी विचारलं.

"सवय आहे," हे म्हणाले. "तू नको लक्ष देऊस."

असं नको म्हटल्याने लक्ष जायचं थांबतं थोडंच. पाटबंधारे खात्यात हे नकाशे काढणारे आरेखक होते. हाताखालचे लोक साहेब झाले, पण ह्यांनी बढती दोनदा नाकारली. सही करायची म्हणजे चुकायची भीती. झोप नाही, पोटात आग. डॉक्टर म्हणत, पित्त. मी पित्ताचं पथ्य सांभाळत राहिले. मग मेळाव्याच्याच वर्षी, होळीच्या सुमारास कानाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि मला म्हणाले, "पडदा फाटलाय. कोणी मारलं यांना?"

"दार लागलं," हे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही दार मीच. बाहेर येताना मला हळूच म्हणाले, "दुसऱ्या कानाला असं दार लागू देऊ नका. आणि जिवावर न बेतता नुसत्या कानावर भागतंय तोवर ठीक." त्या वाक्याने माझी झोप गेली. जिन्याच्या कठड्याशी हे उभे राहिले तरी मी हातातलं काम टाकून जवळ जायला लागले.

अशातच जालिंदरचा फोन आला. आणि लग्नामुंजीला न जाणारा, गल्लीच्या गणपतीलाही लांबून नमस्कार करणारा माझा नवरा म्हणाला, "मी येणार." नवा पांढरा शर्ट शिवून घेतला. जालिंदरला पुन्हा पुन्हा फोन करून एकच विचारलं, "गुरुजी येणार ना नक्की? तास घेणार ना?" आदल्या दिवशी नखं कापली, इतकी खोल, की दोन बोटांना रक्त आलं. एखादं स्थळ फार उत्साह दाखवायला लागलं की मला शंका येते. तशीच ती आली होती. पण इतक्या वर्षांनी हा माणूस कशासाठी तरी आपणहून उठला होता. ते मोडायला माझा जीव झाला नाही.

"या या, वहिनी!" जालिंदर फाटकातच ओरडला. गोल पोट, सोनेरी चष्मा, छातीवर फुलाएवढा बिल्ला. "आणि काय रं भाल्या! अजून तसाच हायस की, सुतळीगत! वहिनी, ह्याला खायला घालता का न्हाई?"

"घालते. पण त्यांच्या वाटणीचं तुम्ही जेवता असं ऐकलं."

"हां! वहिनी आपल्यातल्या हायती!" तो खदाखदा हसला. ह्यांना पाठीत धपाटा घालायला त्याने हात उचलला, आणि ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून मान खाली घातली. जालिंदरचा हात हवेतच राहिला. क्षणभरच. मग तो दुसऱ्या कुणाला तरी हाका मारत निघून गेला.

माळसांगवीची ती शाळा. जुनी कौलारू, आणि तिच्या मागे नवी दुमजली इमारत, नावावर लाल कापड टाकलेली. दुपारी आमदार येऊन ते कापड ओढणार होते. त्याआधी सकाळी 'गुरुजींचा तास'. अशा मेळाव्यांत हा खेळ असतोच: घंटा, प्रार्थना, हजेरी, मग जुन्या वर्गात जुन्या बाकांवर बसून जुन्या मास्तरांचा तास. पंचेचाळिशीतली माणसं सातवीच्या बाकात गुडघे कोंबून बसली होती आणि एकमेकांच्या वेण्या ओढत होती, ज्यांच्या उरल्या होत्या त्यांच्या. आम्हा सोबत आलेल्या नवरे-बायकांना मागे खुर्च्या मांडलेल्या. माझ्या शेजारी पुष्पा नावाच्या बाई बसल्या. होत्या त्याच वर्गातल्या, पण गुडघेदुखीमुळे त्यांना बाक झेपत नव्हता.

गुरुजी आले. ऐंशीच्या पुढचे, खादीचं धोतर, टोपी, अंग वाळलेलं पण मान सरळ. सगळे उठले. स्थानिक वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर बाजूच्या खिडकीशी कॅमेरा सावरून उभा राहिला. जालिंदरने गुरुजींच्या उपरण्याला माइक लावून दिला.

"बसा," गुरुजी म्हणाले. आवाज गोड होता, म्हाताऱ्या माणसाला शोभेल असा. "बाळांनो, मी चाळीस वर्षं शिकवलं. चाळीस वर्षांत एकाही मुलाला बोट लावलं नाही. इतर शाळांत छड्या मोडत होत्या, तेव्हा या शाळेत छडी नव्हती. सरकारनेही त्याची दखल घेतली. मुलगा चुकला, तर त्याचा न्याय करणारा मी कोण? तो ज्याचा त्याने करावा."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, भाषण चांगलंच होतं.

हजेरी झाली. "कुंभोजकर भालचंद्र आदगोंडा."

"हजर, गुरुजी."

मी दचकले. तो आवाज माझ्या नवऱ्याचा नव्हता. फुटायच्या आधीचा, कोवळा आवाज होता.

मग जालिंदरने, बाकाखाली पोट अडकलेलं असताना, हात वर केला. "गुरुजी! आज कुणीच गृहपाठ केला न्हाई! आता काय? आपला आपण?"

वर्गात हशा उसळला. पण तो एकसारखा नव्हता. पुढचे मोठ्याने हसले, मधले पुढच्यांकडे बघून हसले, आणि काही जण नुसते दात दाखवत होते.

"आपला आपण म्हणजे काय हो?" मी पुष्पाबाईंना विचारलं.

"ती गुरुजींची पद्धत," त्या म्हणाल्या. "ज्याचं चुकलं त्यानं उभं राहायचं. आपल्याला आपणच मारून घ्यायचं. गालात. गुरुजी खिडकीशी जाऊन बाहेर बघत बसायचे, पाठमोरे. कमी-जास्त काही सांगायचे नाहीत. त्यांना वाटलं की म्हणायचे, पुरे."

"आणि नाही वाटलं तर?"

पुष्पाबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. "म्हणायचे की," त्या म्हणाल्या, आणि नंतर माझ्याकडे बघितलंच नाही.

परसातली ती भिंत, मधेच थांबून वळवलेली ती मान. हे इतकी वर्षं काय ऐकायला थांबत होते, ते मला त्या खुर्चीवर बसून कळलं.

जालिंदर उभा राहिला होता आणि गालाला नुसता हात लावून "आई गं! आई गं!" करत नाचत होता. फोटोग्राफरने फोटो घेतले. गुरुजीही हसले. जुनी गंमत आठवल्यासारखे ते हळूहळू खिडकीपाशी गेले, पाठमोरे झाले आणि हात मागे बांधून बाहेर बघू लागले. "गुरुजी, अगदी तस्सेच!" कोणीतरी म्हणालं.

तेव्हा हे उठले. बाकातून बाहेर आले, दोन बाकांमधल्या वाटेत उभे राहिले, पाय जुळवले आणि सुरू केलं.

पहिल्या आवाजाला लोक हसले. दुसऱ्यालाही. मग हसू मागल्या बाकांवरून विझत पुढे आलं. कारण तो आवाज खरा होता. कोऱ्या कापडाची घडी फाडावी तसा.

"ए भाल्या, पुरं की लेका, लई झालं नाटक," जालिंदर म्हणाला.

ह्यांचा हात थांबला नाही. डोळे गुरुजींच्या पाठीवर.

"भाल्या!"

मी धावले. खुर्ची पडली वाटतं कुठली तरी. दोन्ही हातांनी ह्यांचं मनगट धरलं. घामाने ओलं, आणि ताकद एवढी, की मीच ओढली गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख होती, राग नव्हता. अगदी समजुतीने म्हणाले, "सोड, शालन. अजून सांगितलं नाही त्यांनी."

"मी सांगते ना. पुरे."

"तुझं नाही चालत."

मी गुरुजींकडे वळले. ते आता आमच्याकडे तोंड करून उभे होते. चेहऱ्यावर भीती नव्हती की दया नव्हती. आपलं झाड अजून फळ देतंय हे बघणाऱ्या माणसासारखं काहीतरी होतं.

"गुरुजी, त्यांना थांबवा."

"मी कुठे सुरू करायला सांगितलं?" ते म्हणाले. माइक चालू होता. त्यांचा गोड आवाज चारी भिंतींतून आला. "मी कधीच कुणाला सांगितलं नाही, बाई. त्याला वाटलं, त्याने सुरू केलं. त्याला वाटेल तेव्हा थांबेल. माणसाचा विवेक जागा असला की असंच होतं."

"गुरुजी," हे मधेच बोलले, तोच कोवळा आवाज, मारता मारता. "सातवीत. मी शाई सांडली. मी उभा राहिलो. मग बाहेर साहेब आले, तपासणीचे. तुम्ही त्यांच्याबरोबर गेलात. म्हणायचं राहिलं."

जालिंदर हळूच म्हणाला, मला की स्वतःला देव जाणे, "घंटा झाली, आम्ही घरला गेलो वो. ह्यो तिथंच हुता. दुसऱ्या दिवशी शाळेत आला न्हाई. आम्हाला वाटलं, ताप."

"कुठल्या दिवशी?" गुरुजींनी विचारलं. खरोखरच आठवत नव्हतं त्यांना. भुवया आक्रसून ते शोधत होते, आणि सापडत नव्हतं. "साहेब तर बरेच यायचे."

पुढच्या बाकावरचे कोणी तरी, बहुधा सेक्रेटरी, माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "वहिनी, प्लीज. त्यांना जरा बाहेर घेऊन चला. आमदार वाटेत आहेत. आजचा दिवस..."

आजचा दिवस कोणाला हवा होता आणि का, हे मी सकाळीच मांडून ठेवलं होतं. माझ्या धंद्यात अडून बसलेल्या माणसाला रडून, पाया पडून काही मिळत नाही. त्याला सगळ्यात जास्त काय हवंय ते बघायचं आणि त्याच्यावर बोट ठेवायचं. मी ह्यांचं मनगट सोडलं. गुरुजींच्या जवळ गेले, त्यांच्या उपरण्यावरचा माइक मुठीत झाकला आणि म्हटलं, "तो खिडकीतला फोटोवाला बघा. इतका वेळ तो एकच फोटो काढतोय. उद्या छापून येईल: आत माणूस स्वतःला मारतोय आणि बाहेर तुमच्या नावावरचं कापड ओढलं जातंय. एकाच पानावर. मी काही बोलणार नाही. मला विचारलं तर मात्र सगळं सांगेन. नाहीतर एक शब्द बोला, आम्ही जेवायच्या आधी निघून जातो."

त्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या नजरेत पहिल्यांदा मला माणूस दिसला, व्यवहार कळणारा. माझ्या मुठीतून त्यांनी उपरणं सोडवून घेतलं.

"पुरे!"

चिडलेला, कोरडा आवाज. भाषणातला गोडवा त्यात कुठेच नव्हता. ह्यांचा हात जागच्या जागी खाली आला.

आणि तेव्हा मी वर्गाकडे पाहिलं. जालिंदर पोट आत ओढून ताठ बसला होता. त्याच्या शेजारचा बँक मॅनेजर ताठ. पुष्पाबाई, ज्यांचे गुडघे दुखत होते, उभ्या राहिल्या होत्या. सगळा वर्ग, पिकलेल्या मिशा आणि चाळिशीच्या चष्म्यांसकट, हाताची घडी घालून, ओठ मिटून, समोरच्या फळ्याकडे बघत होता. कोणी सांगितलं नव्हतं. तो शब्द कानावर पडला आणि एवढी सगळी माणसं एकदम, आवाज न करता, लहान झाली. मी पुष्कळ सभा-समारंभ पाहिलेत. इतकी शांतता मी कुठे ऐकली नाही, आणि परत ऐकायची इच्छा नाही.

हे पुढे गेले. वाकले. गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं. "येतो, गुरुजी," म्हणाले.

गुरुजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माइकमधून पुन्हा तो गोड आवाज आला. "बघा, बाळांनो. याला म्हणतात संस्कार."

टाळ्या वाजल्या. पहिल्यांदा कोणी वाजवल्या ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं नसतं.

आम्ही एस.टी.त बसलो तेव्हा लाल कापड ओढल्याचा बँड लांबून ऐकू येत होता. ह्यांचा गाल सुजला होता, पण चेहरा मी कधी न पाहिलेला, उकललेला. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात डोळे मिटून ते म्हणाले, "मिळालं गं."

"तेवढ्यासाठी आलात?"

"दुसरं काय होतं तिथे?" मग थोड्या वेळाने, डोळे न उघडता, "तुला मी मूल नको म्हटलं होतं. तू भांडलीस, माहेरी गेलीस, परत आलीस. मी कारण सांगितलं नव्हतं."

"नव्हतं."

"मी त्याला मारलं नसतं. मला ठाऊक आहे मी नसतं मारलं. पण ते माझंच पोर. काही चुकलं की भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं असतं. आणि तेव्हा मी कधी म्हणायचं? किती झाल्यावर? मला कोणी शिकवलंच नाही ते."

लोकांच्या मुलांची लग्नं जुळवताना 'तुम्हाला मुलंबाळं किती?' हा प्रश्न मला रोज येई आणि मी रोज हसून टोलवत असे. त्या एस.टी.त मला त्याचं उत्तर मिळालं, आणि ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. हे तेवढ्यात झोपले होते. माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून, सांगली येईपर्यंत.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात डास नव्हते. दूध एकदा उतू गेलं, तर हे म्हणाले, "अरेच्चा," आणि फडक्याने ओटा पुसला. एवढ्याशा 'अरेच्चा'ने मी देवापुढे साखर ठेवली. गंमत वाटेल, पण मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला माफ करून टाकलं होतं. काम झालं ना, मग माणूस कसा का असेना. धंद्यातली सवय.

श्रावणात एका सकाळी मी परसातून तो आवाज ऐकला.

हातातली परडी टाकून धावले. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"अहो, झालं होतं ना! म्हणाले होते ना गुरुजी!"

हे थांबले. मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला समजावण्याची धडपड होती, एखाद्या सरळ गोष्टीत ही एवढी कशी गोंधळते, अशी. "शालन, ते त्या दिवसाचं होतं. मेळाव्याचं. त्या दिवशी मी उभा राहिलो, त्या दिवशीचं त्यांनी संपवलं. सातवीतलं राहिलंच की. मी त्यांना सांगितलं, पण त्यांना आठवलं नाही. आठवल्याशिवाय म्हटलं तर ते कसं चालेल?"

मी जालिंदरला फोन लावला. म्हटलं, मला गुरुजींच्या घरी घेऊन चला. तुम्ही सगळे चला. शाईचा डाग, साहेबांची गाडी, सगळं त्यांच्या कानात ओतू, आणि आठवेपर्यंत उठायचं नाही.



"वहिनी," जालिंदर म्हणाला, "गुरुजी परवाच गेले. झोपेत. काय बी तरास न्हाई."

मी फोन धरून उभी राहिले. परसात हे अजून उभेच होते. आता ही बातमी ह्यांना कोण सांगणार, आणि सांगितल्यावर ते कोणाकडे कान लावून थांबणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. संध्याकाळी मीच सांगितलं, जिन्याचं दार लावून, चावी माझ्या कमरेला ठेवून. हे उठले. आत जाऊन पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री करायला बसले.

"कुठे?"

"तेराव्याला जायला हवं."

मी जाऊ दिलं नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पहिल्या दिवशी बाईंनी ह्यांना फक्त एकच विचारलं, "शाई कुठल्या रंगाची होती?" आणि हे तासभर रडले. जालिंदरला मी ते कळवलं, तर म्हणाला, "वहिनी, त्या डॉक्टरांचा पत्ता मलाबी पाठवा. माझ्यासाठी न्हाई, एका दोस्तासाठी." वीस वर्षं मी 'एका ओळखीच्या मुलासाठी' आलेली स्थळं लावतेय. पत्ता पाठवला. पुढे पुष्पाबाईंनाही पाठवला, आणि बँक मॅनेजरच्या बायकोला, जिने नाव न सांगता फोन केला होता.

याला आता बरीच वर्षं झाली. हे अजून दर महिन्याला मिरजेला जातात. परसात जाणं पुष्कळ कमी झालंय. गेले तर मी दाराशी उभी राहते आणि हे मला बघून येतात, बहुतेक वेळा. डॉक्टरीणबाई म्हणतात, सुधारणा आहे. मीही तसंच म्हणते.

गुरुजींना इमारत मिळाली. पावसाळ्यात गळते, पण नाव पक्क्या अक्षरांत आहे. सेक्रेटरींना खुर्ची मिळाली. जालिंदरला तिकीट मिळालं नाही, मिरजेहून गोळ्या मिळाल्या. वर्तमानपत्राला एक फोटो मिळाला, पायांवर डोकं ठेवल्याचा. दुसरा कोणी छापला नाही. ह्यांचा एक कान गेला, दोन बढत्या गेल्या, आणि झोपेची किती वर्षं, ते मला विचारू नका. माझ्या वाट्याला दाराशी उभं राहणं आलं. त्यात मला तक्रार नाही, मी ते पसंत करून घेतलंय.

पण रात्री कधी अंथरुणावर पडल्या पडल्या मी सगळ्यांची बेरीज करते, तेव्हा सगळ्यात मोठा आकडा आमच्यापैकी कोणाच्याच नावावर पडत नाही. तो पडतो त्या पोरावर, जे आमच्याकडे आलंच नाही. त्याला तर एकदाही चुकायला मिळालं नाही.